सपाट भागात राहून ५० किमी ट्रेल अल्ट्राची तयारी कशी करावी?

वाटसरू (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. २२ आठवड्यांनी ५० किमीची ट्रेल शर्यत आहे (डोंगरातल्या पायवाटांवरची; मॅरेथॉनहून लांब म्हणून अल्ट्रा). एकूण चढ २,४०० मीटर, उतारही तेवढाच. कट-ऑफ (शर्यत पूर्ण करायची कमाल वेळ) ११ तास, सुरुवात पहाटे अंधारात. रस्त्यावरची मॅरेथॉन साडेचार तासांत होते. सध्या आठवड्याला ४५ किमीच्या आसपास धावणं चालू आहे, दुखापत कसलीही नाही. आठवड्यातले चार दिवस धावायला आणि एक दिवस ताकदीच्या व्यायामाला देता येईल.

अडचण अशी, की राहतो तिथे डोंगर नाही. दहा मजली इमारतीचा जिना आणि १५ टक्क्यांपर्यंत चढणारी ट्रेडमिल एवढंच हाताशी आहे. महिन्यातून एकदा डोंगरावर जाता येईल. मॅरेथॉनचंच वेळापत्रक घेऊन किलोमीटर वाढवत न्यावेत का? सर्वांत लांब रन किती असावा? आणि खाण्यापिण्याचं गणित कसं मांडायचं?

चढउतार

मॅरेथॉनचं वेळापत्रक ताणून हे काम होणार नाही, कारण इथे थांबवणारी गोष्ट वेगळी असते. रस्त्यावर शेवटी वेग टिकत नाही. डोंगरात ३० किमीनंतर दम शाबूत असतो, पण मांड्या उतार पेलत नाहीत किंवा पोट काही घेत नाही. म्हणून सराव किलोमीटरमध्ये मोजणं आजपासून बंद करा. तीन आकडे लिहून ठेवा: आठवड्याचे तास, चढलेले मीटर आणि उतरलेले मीटर. तिसरा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत.

आधी कट-ऑफचं गणित बघा. समजा, ५० पैकी १८ किमी खऱ्या चढाचे आहेत (सरासरी १३ टक्के). ताशी ४०० मीटर उंची गाठत चाललात तर चढालाच ६ तास जातात. एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांवर) मिळून ४० मिनिटं धरा. उरलेल्या ३२ किमीला ४ तास २० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ७ सेकंद. दगडधोंड्यांच्या वाटेवर, थकल्या पायांनी हे अवघड आहे. तेच ताशी ५०० मीटरने चढलात तर चढाला ४ तास ४८ मिनिटं लागतात आणि उरलेल्या भागाला किलोमीटरमागे १० मिनिटं २२ सेकंद मिळतात. साडेचार तासांच्या मॅरेथॉनवाल्याला हे जमण्यासारखं आहे. म्हणजे तुमची शर्यत ठरणार ती झपझप चढ चालण्यावर. सपाटीचा वेग आणखी पाच-दहा सेकंदांनी सुधारून हाती फारसं काही लागणार नाही.

चढ चालण्याचा सराव ट्रेडमिलवर उत्तम होतो. १५ टक्के चढ आणि ताशी ४ किमी वेग म्हणजे तासाला जवळपास ६०० मीटर उंची. १० टक्क्यांवर ताशी ५ किमी म्हणजे ५०० मीटर. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा ३० मिनिटं, मग वाढवत ७५-९० मिनिटांपर्यंत न्या. पुढचा दांडा धरायचा नाही. दांडा धरला की शरीराचा भार हातांवर जातो, स्क्रीनवर आकडा दिसतो पण पायांना काम पडत नाही. चढ जास्त वाटला तर टक्के कमी करा, हात मोकळेच ठेवा.

बाकीचं धावणं सावकाश असू द्या. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. साधारण आठ भाग सावकाश आणि दोन भाग जोरात, यापेक्षा जोराचं काम वाढवू नका. हौशी धावपटूंचं इथेच बिघडतं. रोजचं धावणं मधल्याच वेगात होतं. त्याने थकवा भरपूर येतो आणि जोराच्या दिवशी जोर लावायला पाय उरत नाहीत.

चार दिवस असे लावता येतील: मंगळवारी तासभर सावकाश आणि शेवटी २० सेकंदांचे सहा वेगवान तुकडे, गुरुवारी चढ (ट्रेडमिल किंवा जिना), शनिवारी लांब रन, रविवारी सावकाश एक ते दीड तास. बुधवारी ताकदीचा व्यायाम. तीन आठवडे वाढवत जायचं, चौथ्या आठवड्यात तीस टक्के कमी करायचं. लांब रन आत्ता जेवढा आहे त्यात आठवड्याला २०-३० मिनिटांची भर घाला. सर्वांत लांब रन ५ ते ६ तासांचा, शर्यतीच्या चार आठवडे आधी आणि शक्य तर डोंगरात. सरावात अख्खे ५० किमी धावून बघायची गरज नाही. त्यातून सावरण्यातच पुढचे दोन-तीन आठवडे जातात.

खालीउतर

वरचं पटलं. उतारावर मात्र सविस्तर लिहितो, कारण सपाट भागातल्या माणसाला खरा फटका तिथेच बसतो.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत असतानाच ताणला जातो, ब्रेक लावल्यासारखा. या कामात स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात. दम लागत नाही, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. मग दोनेक तासांच्या उतारानंतर गुडघा वाकवला की मांडी थरथरायला लागते, पाऊल आपटत पडतं आणि त्यापुढे सपाटीवरही धावता येत नाही. याला फुप्फुसांची तयारी कामी येत नाही. कामी येतो तो उतरण्याचाच सराव. चांगली गोष्ट ही, की या स्नायूंना आठवण असते. एकदा थोडं नुकसान होऊन भरून आलं की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी नुकसान होतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून महिन्यातून एकच डोंगराचा दिवस असला तरी मधल्या आठवड्यांत जिना सोडू नका.

दहा मजले म्हणजे अंदाजे ३० मीटर. पहिल्या आठवड्यात सहा फेऱ्या, म्हणजे १८० मीटर चढ आणि तेवढाच उतार. पुढे दर आठवड्याला दोन-तीन फेऱ्या वाढवून २० ते २५ पर्यंत न्या. लिफ्टने खाली यायचं नाही, उतरणं हाच तर सराव आहे. उतरताना पूर्ण पाऊल पायरीवर, गुडघा किंचित वाकलेला, कठडा हाताच्या टप्प्यात. एकदम दोन पायऱ्या उतरू नका. पहिल्या दोन-तीन वेळेला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते अपेक्षित आहे. गुडघ्याच्या सांध्यात किंवा वाटीच्या खाली टोचल्यासारखं दुखलं तर मात्र फेऱ्या निम्म्या करा.

बुधवारच्या व्यायामात हे हवंच: २० ते ३० सेंमी उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन सेकंद मोजत खाली टेकवायचा आणि परत वर यायचं. प्रत्येक पायाला ८ चे तीन सेट, वाढवत १५ पर्यंत. गुडघा आत पडू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केलं की लगेच कळतं. पोटरीचे व्यायाम दोन्ही प्रकारे करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. खोलवरचा पोटरीचा स्नायू वाकलेल्या गुडघ्यानेच नीट कामाला लागतो, आणि लांब चढावर टाचेच्या शिरेला (पोटरी टाचेला जोडणाऱ्या अकिलीस टेंडनला) आधार तोच देतो.

डोंगरावर गेलात की पावलं आखूड आणि भराभर टाका, अंग किंचित पुढे ठेवा, पाऊल शरीराच्या खाली पडू द्या. भीतीने मागे झुकलं की टाच पुढे पडते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि घसरायची शक्यताही वाढते. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे ठेवा. पहिल्या डोंगर-दिवशी ६००-७०० मीटर उतार पुरे, शेवटच्या मोठ्या दिवशी १,५०० पर्यंत न्या.

मंदगती

खाण्यापिण्याबद्दल.

दहा-अकरा तासांच्या कामात ताशी निदान ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पण पहिल्याच दिवशी ६० घेऊ नका, आतड्यालाही सराव लागतो. लांब रनमध्ये ताशी ३० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर दोन आठवड्यांनी १० ने वाढवा. नुसतं ग्लुकोज ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं, कारण आतड्यातला त्याचा मार्ग तिथे भरतो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असतो. दोन्हींचं मिश्रण घेतलं तर सराव झालेलं पोट ९० ग्रॅमपर्यंत घेऊ शकतं. साध्या साखरेत दोन्ही निम्मी-निम्मी असतात, त्यामुळे घरचं साखरपाणी वाईट नाही. ५०० मिली पाण्यात ३०-४० ग्रॅम साखर, म्हणजे ६ ते ८ टक्के, आणि चिमूटभर मीठ. याहून घट्ट केलं तर ते पोटातून पुढे सरकत नाही आणि मळमळ सुरू होते.

अंदाजासाठी आकडे: मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २०, जेलच्या (धावताना घ्यायच्या घट्ट गोड पाकाच्या) एका पाकिटात बहुतेक २० ते ३० (पाकिटावर बघून घ्या). घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावा आणि प्रत्येक गजराला २० ग्रॅम घ्या. भुकेची वाट पाहू नका, भूक चौथ्या तासानंतर खोटं बोलते. नुसतं गोड पाच-सहा तासांनी नकोसं होतं, म्हणून एक तरी खारट पदार्थ सोबत असू द्या, आणि त्याचाही सराव लांब रनमध्येच करा.

पाण्यासाठी स्वतःच्या घामाचं मोजमाप करा. तासभर धावण्याआधी आणि नंतर कपडे काढून, अंग पुसून वजन घ्या. उदाहरणार्थ, आधी ६८.० किलो, नंतर ६७.२, मध्ये ४०० मिली पाणी प्यायलं. घाम झाला ०.८ अधिक ०.४, म्हणजे ताशी १.२ लिटर. एकदा थंड हवेत आणि एकदा उन्हात, असं दोनदा मोजा. याचा अर्थ ताशी १.२ लिटर प्यायचंच असा नाही. तहानेप्रमाणे प्या, शेवटी वजन दोनेक टक्के घटलेलं असणं चालतं. मोजमापाचा उपयोग दोन एड स्टेशनांच्या मध्ये किती पाणी वाहून न्यायचं हे ठरवायला होतो.

टाचदुखी

एका मुद्द्यावर थोडी असहमती. शनिवारी लांब आणि रविवारी दीड तास ही जोडी दर आठवड्याला नको. थकल्या पायांवर धावायची सवय लागावी म्हणून ती करतात आणि १०० किमीसाठी तिचा उपयोग आहेच. ५० किमीसाठी २२ आठवड्यांत अशा चार जोड्या पुरतात. बाकीच्या रविवारी ४० मिनिटं चालणं किंवा पूर्ण विश्रांती. स्नायू आणि दम आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि शिरांना (टेंडनना) महिने लागतात. बाराव्या आठवड्याच्या आसपास सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच नडगीचं हाड कुरकुरायला लागतं, ते यामुळे.

फरक ओळखायला शिका. नडगीच्या कडेने लांबट पट्टा दुखतो आणि धावता धावता कमी होतो, तेव्हा ताण कमी करून बहुधा निभावतं. बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तो हाडाला तडा असू शकतो आणि साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला तो दिसत नाही. टाचेच्या शिरेसाठी नियम असा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीइतकंच जखडलेलं असलं तर चालू ठेवा. सकाळची जखडण रोज वाढत असेल तर चढाची ट्रेडमिल आधी कमी करा, कारण चढावर त्या शिरेला सतत ताण असतो.

लंगडत रविवारचा रन पूर्ण करणं सर्वांत वाईट. चाल बदलली की भार दुसरीकडे जातो आणि आठवड्याभरात दुसरंच काही दुखायला लागतं.

चढउतार

हाडांचा मुद्दा मान्य. चार जोड्या पुरेत. पाचवा, नववा, तेरावा आणि सतरावा आठवडा ठेवा, म्हणजे मध्ये भरपूर अंतर राहतं. सगळ्या जोड्या चौथ्या-आठव्या हलक्या आठवड्यांच्या लगेच नंतर येतात, पाय ताजे असतात.

रानवाट

वरच्यांनी लिहिलंय त्यात एक भर, विशेषतः धावणाऱ्या मैत्रिणींसाठी. तास वाढवताना जेवण वाढलं नाही तर शरीर आधी पाळीवर काटकसर करतं. पाळी लांबली किंवा बंद झाली तर "व्यायामामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका, हाडं कमकुवत होण्याची ती सूचना असते. पुरुषांमध्येही हेच होतं, फक्त खूण इतकी ठळक नसते: झोप बिघडते, चिडचिड होते, सावकाश रनलाही नाडी चढी राहते. विनाकारण दमायला होत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरली. आणखी तीन शंका. एक, इतकं करूनही शर्यतीत मळमळ सुरू झाली तर काय करायचं? दोन, मिठाच्या गोळ्या आणि वेदनाशामक सोबत ठेवावं का? तीन, बूट, फोड आणि हेडलॅम्पबद्दल काय बघावं?

मंदगती

मळमळीचं कारण बहुतेक वेळा वेग असतो. जोरात चढताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे जातं, आतड्याला कमी पडतं, आणि त्यात घट्ट जेल ओतलं की ते तसंच पडून राहतं. म्हणून पहिला उपाय म्हणजे १०-१५ मिनिटं अगदी सावकाश चालणं. मानेवर, डोक्यावर पाणी मारा, सावली असेल तर थांबा. साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या, गोड बंद. पोट निवळलं की खारट काहीतरी, एका वेळी एक घास. उलटी झाली तर घाबरू नका, अनेकदा त्यानंतर बरं वाटतं. दहा मिनिटं थांबून घोटघोट पाणी सुरू करा. अशा वेळी कसर भरून काढायला एकदम दोन जेल खाल्ली तर तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

मिठाबद्दल: एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. पिण्याच्या दर लिटरमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम पुरतं, खारट खाणं असेल तर त्याहून कमी. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. रक्तातलं सोडियम घसरण्याचं मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं हे आहे. लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवतं, लघवीवाटे ते बाहेर जात नाही आणि रक्त पातळ होतं. मिठाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून जास्तीचं पाणी पचत नाही. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पोटात पाणी डुचमळणं, डोकेदुखी, मळमळ, वजन वाढणं या त्याच्या खुणा. असं झालं तर पाणी थांबवा. बोलण्यात गोंधळ जाणवला तर ताबडतोब वैद्यकीय पथकाकडे जायचं. सोबतचा धावपटू असा दिसला तर त्याला पाणी पाजत बसू नका.

वेदनाशामक, म्हणजे आयब्युप्रोफेन आणि त्या कुळातल्या गोळ्या, शर्यतीच्या आदल्या दिवसापासून नकोतच. पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी यंत्रणा या गोळ्या दाबतात, आणि सोडियम घसरण्याचा धोकाही वाढवतात. फाटलेल्या स्नायूंमधला मालमसाला मूत्रपिंडावर येऊन आदळतो तो नेमका त्याच वेळी. शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली तर घरी पाणी पीत वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

खालीउतर

बूट रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. लांब अंतरात पाय सुजतात आणि उतारावर पुढे सरकतात. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याइतकी जागा हवी. दुकानात जिना उतरून बघा, बोट पुढे आपटत असेल तर तो बूट नको. उतारासाठी सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडीचा फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवा, टाच जागची हलत नाही. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

फोड येतो तो ओलावा आणि घासण्याने. आधी एखादी जागा गरम वाटते, तेव्हाच थांबा. पाच मिनिटं वाचवायला गेलं की पुढे तास जातो. पाय कोरडा पुसायचा, टेपचे कोपरे गोल कापायचे, सुरकुती न पडू देता लावायचा. मलम लावलेल्या जागी टेप चिकटत नाही, तेव्हा आधी टेप आणि मलम बाकीच्या जागी.

हेडलॅम्प चालायला २०० ल्युमेन पुरतो, अंधारात उतरायचं असेल तर ३०० च्या वर हवा. खोक्यावरचे तास अनेकदा मंद उजेडाचे असतात, घरी पूर्ण चार्ज करून तुम्हाला लागेल त्या उजेडावर किती तास चालतो ते बघून घ्या. कट-ऑफच्या जवळ पोहोचणार असाल तर संध्याकाळचाही हिशेब धरा. सुटी बॅटरी अंगाशी ठेवा, थंडीत तिची क्षमता घटते. आयोजकांची अनिवार्य सामानाची यादी आधीच मिळते. ती सगळी पिशवीत भरून निदान दोन लांब रन करा. पिशवी कुठे घासते ते पाण्याच्या पूर्ण वजनासह धावल्याशिवाय कळत नाही.

वाटसरू

शेवटचं एक. टेपरमध्ये (शर्यतीआधी सराव कमी करत नेण्याच्या काळात) जिना कधी बंद करायचा?

चढउतार

शेवटचा जड उतार १६ ते १८ दिवस आधी. तेवढ्यात स्नायू भरून येतात आणि संरक्षण अजून टिकलेलं असतं. तीन आठवडे आधी तास पाऊणपट करा, दोन आठवडे आधी साठ टक्के, शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून तिसरा हिस्सा. दिवस तेवढेच ठेवा, प्रत्येक दिवस आखूड करा, २० सेकंदांचे वेगवान तुकडेही चालू राहू द्या. शेवटच्या दहा दिवसांत जिना नको आणि पायरीवरचा तीन सेकंदांचा व्यायामही नको. चढाची ट्रेडमिल मात्र शर्यतीच्या पाच दिवस आधीपर्यंत २० मिनिटं चालेल.